बापाच्या रकान्यातलं नाव

८ मार्च १९३९. होळीनंतरचा तिसरा दिवस, सकाळी नऊ. जागा: नरडाण्याजवळचं आमचं गाव, घराची ओसरी.

हजर: आबा, म्हणजे माझे वडील. धाकटा भाऊ. वहिनी, दाराआड. आबांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं. पोलीस पाटील. भाऊबंदांपैकी आणखी दोघं. मी, आदल्या दिवशी धुळ्याहून आलेली.

गैरहजर: ज्याच्याबद्दल बोलायचं होतं तो, आबांचा बाप. त्याला जाऊन पंचावन्न वर्षं झाली होती.

माझ्या त्या सालच्या वहीत ही नोंद अशीच आहे. मी धुळ्यात देवपूरच्या एका मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण. कुठेही बसले की आधी हजेरी लिहिते, मग कामाची यादी. लोक हसतात. पण भीती वाटत असली की माणसं मोजण्याचा उपयोग होतो. त्या सकाळी माझं अक्षर तरीही वाकडं आलेलं आहे.

झालं होतं ते असं. महिन्यापूर्वी आबांचे धाकटे काका वारले. त्या पिढीतलं ते शेवटचं माणूस. दहाव्याला भाऊबंदांनी केस काढायचे असतात, म्हणून आबांनी न्हाव्याला अंगणात बोलावलं. न्हावी अर्ध्या डोक्यावर आला आणि नानांचा निरोप आला, "तुम्हाला सुतक नाही. केस काढू नका." न्हाव्याचा वस्तरा तिथेच थांबला. आबांनी त्याला जायला सांगितलं आणि त्या अर्ध्या डोक्यावर पागोटं बांधलं. तेव्हापासून ते घरातसुद्धा पागोटं उतरवत नव्हते.

नानांचं म्हणणं थोडक्यात असं. आबांचा बाप पटकीने गेला, तेव्हा आजी इथे नव्हतीच, यावलकडे माहेरी होती. ती परत आली ती कडेवर दीड वर्षाचं मूल घेऊन. ते मूल कोणाचं, हे कोणी पाहिलं? काका होते तोवर ते सांगायचे, माझ्या भावाचाच पोरगा आहे, आणि त्यांच्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. आता काका नव्हते.

ज्याला बापाच्या घरचं सुतक नाही त्याला भाऊबंद नाहीत, आणि भाऊबंद नसलेल्या माणसाला शेवटी खांदा द्यायला कोण येणार? आबांना दमा होता. त्या हिवाळ्यात दोनदा ते निळे पडले होते. माझी भीती इतकी साधी होती, की आबा जातील आणि अंगणात भाऊ आणि मी, दोघंच उभी असू.

भाऊ सरळ माणूस. नाना बोलले तसा तो ताडकन उठून पाटलाकडे गेला होता, दोन पंच बरोबर घेऊन, गावची जन्माची जुनी वही उघडायला. तीन वर्षांची पानं पाहिली. आबांच्या जन्माची नोंद नाही. पंचांसमक्ष नाही. म्हणजे जी गोष्ट नुसती कुजबुज होती तिच्यावर भावाने स्वतःच्या हाताने शिक्का मारून आणला होता.

"वहीमा नाव नही, गावमा साक्ष नही," नाना म्हणाले. ते आवाज चढवत नसत. "मंग बाप कोन? आखाजीलोंग कागद दखाडा. नही तं तुमनी घागरवर आमना मानूसनं नाव लेऊ नका."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात, निखाऱ्यावर घास टाकतात आणि गेलेल्यांची नावं मोठ्याने घेतात. दीड महिना हातात होता.

आबा खाली, स्वतःच्या पायांच्या बोटांकडे पाहत होते.

मी वहीत लिहिलं, "गावची जन्माची वही: नोंद नाही." आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं. मी भावाला विचारलं, "आजीचं हे कितवं बाळंतपण?"

"पहिलं. आबा एकलाच ना."

"मग पहिलटकरीण सासरी बाळंत होते का रे कधी?"

पाटील मिशीवरून हात फिरवू लागले. दाराआडून वहिनीचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "सहा मानसं बसनात, पन पहिलं बायतपन कोठे व्हस हाई एकले बी ठाऊक नही!"

दोघं भाऊबंद हसले. नानासुद्धा ओठ दाबून हसले. आबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला समजली नाही. मला वाटलं होतं त्यांना धीर येईल. ते घाबरलेले दिसले.

"यावलले जाऊ नको, बाई," ते म्हणाले. सगळ्यांसमोर एवढंच.

मी त्यांचं ऐकायला हवं होतं का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. सोळाव्या वर्षी मी विधवा झाले तेव्हा याच नानांच्या विरोधात जाऊन आबांनी मला शिकायला पाठवलं होतं. त्यांच्यासाठी एक वही उघडणं माझ्याकडून होणार नाही, असं मला वाटलंच नाही.

शाळेत चार दिवसांची रजा टाकली. भाऊ आणि मी नरडाण्याहून पहाटेच्या गाडीने निघालो. जळगावला गाडी बदलून भुसावळ, तिथून मोटारीने यावल. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पाटाचं पाणी, मागे सातपुडा. भाऊ बागांचे घड पाहून बोलत होता, पाणी कसं दिलंय, खोडं किती अंतरावर. मी यादी वाचत होते. अर्ज, तिकीट, आजीच्या माहेरगावाचं नाव, तिच्या वडलांचं नाव, साल अंदाजे चौऱ्याऐंशी. शेवटची ओळ मी लिहून खोडली होती. ती होती, "नसलीच नोंद तर?"

कचेरीतला कारकून उतारवयाचा, डोळ्यांना जाड भिंगं. त्याने आम्हाला बाकावर बसवलं आणि जुनं दप्तर बांधलेला, धुळीने भरलेला लाल रुमाल आणून सोडला. जन्म आणि मृत्यूची पानं एकत्र शिवलेली, सगळं मोडीत. मोडी मला येते, भावाला येत नाही.

"बाईमाणूस जुनी दप्तरं बघायला प्रथमच आलं," कारकून म्हणाला. "इथे येतात ते सगळे जमिनीचे. तुमचं काय?"

"बाप," भाऊ म्हणाला.

कारकुनाने दप्तर माझ्याकडे सरकवलं.

नोंद तासाभरात सापडली. १८८४, सप्टेंबर. गाव बरोबर, जात बरोबर. मूल: मुलगा. त्या काळी जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसे, बारसं व्हायचं असे. आणि पुढे बापाचा रकाना. त्यात नाव होतं. मी वाचलं, पुन्हा वाचलं. आजीच्या वडलांचं नाव होतं ते. माहेरच्या घराचा मालक. आबांचा आजोबा.

बापाच्या रकान्यात आईचा बाप.

माझ्या मनात काय आलं ते मी कुठे लिहिलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. वाचणाऱ्याला ते कळेल. भाऊ विचारत होता, "काय शे, अक्का? काय लिखेल शे?" मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते, जणू बोटाखाली झाकलं की ते नाव राहणार नाही. कारकुनाने माझं बोट हळूच बाजूला केलं आणि मोठ्याने वाचलं.

भाऊ उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेले. कचेरीसमोरच्या निंबाखाली तो उभा होता आणि त्याचा सगळा चेहरा घामाने भिजला होता.

"पान वाळवीनी खादं आसं सांगी देऊत," तो म्हणाला. "अक्का, तुन्हा पाया पडस. काहीच सापडनं नही."

मला ते पटलं होतं. खरं तेच लिहायचं म्हणून हे कबूल करते. मी वही आणि छत्री घ्यायला परत आत गेले, इतकंच.

कारकून रुमाल बांधत होता. पानांमधून एक पिवळी चिठ्ठी अर्धी बाहेर आली होती. "ही बघा," तो म्हणाला, "तुमच्या आधीही कोणीतरी हेच पान पाहून गेलंय. नकलेचा अर्ज. पण नक्कल नेलेली दिसत नाही."

अर्ज १९०६ सालचा होता. खाली मोडीत सही होती. शाळेच्या दाखल्यावर, घरपट्टीच्या पावतीवर, मला ट्रेनिंगला पाठवताना दिलेल्या कबुलीवर, हीच सही मी आयुष्यभर पाहत आले होते. शेवटचं अक्षर ओढून नांगराच्या फाळासारखं खाली वळवलेलं. आबांची सही.

१९०६ हे भावाच्या जन्माचं साल. मुलगा झाला तेव्हा कोणीतरी काहीतरी बोललं असणार, आणि बावीस वर्षांचे आबा एकटे इथवर आले असणार, सहीपलीकडे मोडी येत नसल्यामुळे कोणाकडून तरी ती ओळ वाचून घेतली असणार आणि नक्कल न घेता परत गेले असणार. म्हणजे तेहेतीस वर्षं. आम्ही जेवत होतो, खेळत होतो, मी परीक्षा देत होते, आणि ते नाव त्यांच्या पोटात होतं.

मला निंबाखालच्या भावाची आठवण राहिली नाही. मी बाकावर बसले.

शाळेत एखाद्या मुलीची जन्मतारीख चुकीची वाटली तर मी त्या मुलीकडे पाहत नाही. त्याच दिवशी, त्याच हाताने, इतर कोणाच्या तारखा लिहिल्यात ते पाहते. एकीच्या ओळीवरून काही ठरत नाही, पूर्ण वर्ग घ्यावा लागतो. मी कारकुनाला म्हटलं, "मला हे सगळं गाव पाहायचंय. मागची दोन वर्षं, पुढचं एक. जन्म आणि मयत, दोन्ही."

"बाई, कचेरी पाचला बंद होते."

"मग बोलत बसू नका."

त्याने मान हलवली, पण रुमाल परत सोडला. मी वहीत रकाने आखले. घर, तारीख, बापाचं नाव. उतरवू लागले. दुसऱ्या पानावर पहिली खूण मिळाली. एकाच माणसाच्या नावावर दोन महिन्यांच्या अंतराने दोन मुलं. दोन बायका असतील म्हणून मी पुढे गेले. मग आणखी एक घर, तसंच. मग मयताच्या पानावर एका म्हाताऱ्याचं नाव आलं, तापाने मेला म्हणून. आणि तोच म्हातारा दीड वर्षानंतर, पावसाळ्यात, जन्माच्या पानावर बाप झाला होता.

मी तीन वेळा तारखा ताडून पाहिल्या. मग कारकुनाला दाखवलं. त्याने भिंगं पुसली, वाचलं आणि इतका हसला की पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली.

"कोतवाल हो!" तो म्हणाला. "दाराशी उभं राहून ओरडायचं, घर कोणाचं? आतून कोणी सांगितलं की झालं, ठोकलं बापाच्या रकान्यात. मुलगी माहेरी आलीय की सून सासरी आहे, कोण विचारतो? मेलेल्याचं घर मेलेल्याच्याच नावाने चालत असेल, लिहिलं त्याचंच नाव."

पाच वाजेपर्यंत माझ्या यादीत अशी अकरा घरं झाली. रकाना बापाचा नव्हताच, दाराचा होता. भावाला आत बोलावून मी ते समजावलं तेव्हा तो बाकावर बसला आणि दोन्ही तळहातांनी तोंड पुसत राहिला.

परतीच्या गाडीत मात्र माझी भीती पुन्हा उभी राहिली. ओळ वाईट काही सांगत नव्हती, पण चांगलंही काही सांगत नव्हती. आबांचा बाप कोण, ते त्या कागदावर नव्हतंच.

गावी पोचलो तेव्हा आबा गोठ्यापुढे कडबा तोडत होते. भाऊ घरात गेला. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"काय सापडनं?" त्यांनी विळ्यावरून नजर न काढता विचारलं.

"तुमचा अर्ज."

विळा थांबला. "मन्ही मायनं मले कधी सांगं नही," ते म्हणाले, "अन् मी तिले कधी इचारं नही. कसं इचारतू? तवपासून आखाजीले घागर भरस, पन बापनं नाव तोंडवर येत नही. ओठ हलावस नुसता."

मी वही उघडली आणि माझी यादी वाचायला लागले. घरामागून घर. ते प्रथम ऐकत नव्हते. मग त्यांची मान वर आली. मेलेल्या म्हाताऱ्याशी मी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "परत वाच."

मी परत वाचलं.

"मरेल मानूस बाप व्हयना?"

"पावसाळ्यात. मुलगी झाली."

आबा हसले. हसता हसता खोकला आला, खोकल्यात डोळ्यांना पाणी आलं, आणि ते किती कशाचं होतं हे मी विचारलं नाही. पाठ चोळत राहिले. पागोटं सुटून कडब्यात पडलं. एका बाजूला लांब पांढरे केस, दुसऱ्या बाजूला नुकते फुटलेले खुंट. त्यांनी ते उचलून लगेच बांधलं नाही.

आखाजीच्या सकाळी मी माहेरीच होते. ओसरीवर तीच माणसं. मी यादी वाचली, पाटलांनी दोन जागी मान डोलावली. नाना शेवटपर्यंत शांत ऐकत होते.

"समदं खरं," ते म्हणाले. "कोतवाल गाढव व्हता. पन मंग बाप कोन, ते तं लिखेल नहीच ना, मास्तरीनबाई?"

बरोबर होतं त्यांचं. हेच ते विचारणार हे मला गाडीतच कळलं होतं, आणि मी तयारी केली होती. पण तयारी केली म्हणून भीती गेली नव्हती. मी जे करणार होते ते एकदा केलं की परत घेता येणार नव्हतं.

"पाटील," मी म्हटलं, "गावची वही आणलीय ना? आबांच्या सालाच्या दोन वर्षं मागे जा. नानांची नोंद काढा. तेही घरातले थोरलेच."

पाटलांनी पानं उलटली. एकदा पुढे, एकदा मागे. मग थुंकी लावून पुन्हा एकदा. ओसरीवरचा प्रत्येकजण त्या बोटाकडे पाहत होता. "नही," पाटील अखेर म्हणाले. जरा थांबून स्वतःच म्हणाले, "मन्ही बी नसावी. मी बी मामाकडलाच."

उरलेल्या दोघांपैकी एकजण, तोही थोरला, उठून तंबाखू थुंकायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

नानांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. दोन महिने जे आमच्या घरात होतं ते मी उचलून त्यांच्या घरात ठेवलं होतं, आणि ते काय असतं हे मला माहीत होतं. त्यांच्या आईला मी ओळखत होते. तिने मला लहानपणी सांजोऱ्या दिल्या होत्या.

"भर घागर," नाना आबांना म्हणाले, आणि उठून पायऱ्या उतरले.

आबांनी दुपारी न्हाव्याला बोलावलं, आधी उरलेलं अर्धं डोकं पूर्ण करून घेतलं. "काकानं सुतक फेडू दे," म्हणाले. आंघोळ करून मग घागरीपुढे बसले. खरबूज, सांजोरी, आंब्याचा रस. निखाऱ्यावर घास टाकला आणि बापाचं नाव घेतलं. मोठ्याने. शेजारच्या अंगणात झोक्यावर गाणाऱ्या माहेरवाशिणी थबकल्या इतक्या मोठ्याने. मग गाणं पुन्हा सुरू झालं.

जायच्या दिवशी नाना मला नरडाण्याच्या रस्त्यावर भेटले. आजूबाजूला कोणी नाही हे त्यांनी पाहून घेतलं. "मन्ही मायनं माहेर शिरपूरकडलं," ते म्हणाले. "कधी तिकडे गई तं... नको. जाऊ दे. नको देखू." आणि मागे न पाहता चालू लागले.

चार वर्षांनी आबा गेले. अंगण भरलेलं होतं. पुढचा खांदा नानांनी दिला, आणि दहाव्याला सगळ्यात आधी न्हाव्यापुढे बसले तेही तेच.

आता १९४७ आहे. माझ्या वहीत ओळी राहत नाहीत. झालं की खूण, नाही झालं की पुढच्या दिवशी. एकच ओळ अशी आहे जी मी १९३९च्या वहीतून प्रत्येक सालच्या वहीत उतरवत आले आहे. ती मी त्या परतीच्या गाडीत लिहिली: "आजोबांच्या मयताची तारीख पाहणे." आजोबा पटकीने गेले त्या सालची गावातली मयतांची वही वरच्या साहेबाने तपासायला मागवली होती. ती परत आली नाही, शिंदखेड्याच्या कचेरीत आहे. त्यात त्यांच्या मरणाची तारीख असणार. आबांचा जन्म सप्टेंबरचा. तारीख आदल्या डिसेंबरनंतरची असेल, तर सगळं जुळतं. आधीची असेल, तर नाही. पाच मिनिटांचं काम आहे. देवपूरहून शिंदखेड्याला सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. या आठ वर्षांत मी त्या गावी शाळातपासणीच्या निमित्ताने तीनदा गेले आहे, आणि एकदा कचेरीच्या पायरीपर्यंतही.

या सालच्या वहीत ती ओळ जानेवारीच्या पहिल्या पानावर आहे. तिच्यापुढे खूण नाही.